आत्याची खालची कवळी

आत्याची खालची कवळी पेटीवर पडली, आणि पडली तीही सुरात.

सभाघर गच्च भरलं होतं. बाकांवर दाटीवाटीने माणसं बसली होती, उरलेली दारात उभी होती, आणि आत्याचं निरूपण ऐन रंगात आलं होतं. गोष्ट रिकाम्या खुर्चीची. ही गोष्ट आत्या तरुणपणापासून गाऊन सांगत आली होती, आणि लोकांना ती इतकी पाठ होती की आत्या मध्येच खोकली तरी ती कुठल्या शब्दावर खोकली हे शेवटच्या बाकावरचा माणूस सांगायचा. एक बाई असते. तिच्या घरात मोजक्या खुर्च्या, पण त्यांतली एक ती कुणालाच बसायला देत नाही. शेजारीपाजारी टोमणे मारतात, ‘काय गं, आला का तुझा पाहुणा?’ ती भांडत नाही, रुसत नाही. नुसती गाते:

रिकामी ही जागा, देवा,
तुझ्यासाठी ठेविली.

पहिल्यांदा ही ओळ खालच्या सुरात, स्वतःशीच पुटपुटावी तशी. दुसऱ्यांदा मात्र ‘देवा’ ही हाक उचलायची ती थेट टिपेला न्यायची, तिथे धरून ठेवायची, आणि सगळ्या सभाघराने खालून ‘तुझ्यासाठी ठेविली’ म्हणत तिला झेलायचं. त्या झेलण्यासाठीच माणसं यायची म्हणा ना. दिवसभराची दुखणीखुपणी, घरातली धुसफूस, सगळं त्या एका हाकेबरोबर वर जायचं आणि खाली येताना हलकं होऊन यायचं.

त्या संध्याकाळी हाक वर गेली, आत्याचा जबडा उघडला, जीभ मागे सरली, आणि नवीकोरी खालची कवळी हिरडीवरून अलगद उठून ओठांबाहेर आली. पुढ्यात धाकटा भाऊ पेटी वाजवत बसला होता. भात्यात हवा होती. कवळी पट्टीवर पडली, पट्टी दबली, आणि एक बारीकसा सूर सभाघरभर पसरला.

कुणी हसलं नाही. तेच वाईट झालं. मग पुढच्या बाकावरची एक चिमुरडी आईला विचारती झाली, “आई, आत्याचे दातसुद्धा गातात?” आणि मग जे हसू फुटलं ते आवरता आवरेना. प्रेमाचंच हसू होतं ते. पण प्रेमाच्या हसण्यानेही माणूस मरायचं तेवढं मरतंच.

भावाने कवळी हातरुमालात गुंडाळली आणि बहिणीला घरी आणलं. वाटेत त्याने समजूत काढायचा प्रयत्न केला. “ताई, एक सांगू? पट्टी बरोबर लागली. तुझाच सूर होता.”

आत्या हसली नाही. तेव्हा भावाला कळलं, की प्रकरण गंभीर आहे.

*

आत्या ही काही नुसती भावाची ताई नव्हती. ती सगळ्या वस्तीची आत्या होती. तिच्याहून म्हातारी माणसंही तिला आत्याच म्हणायची. नवरा गेला त्या आठवड्यातही तिने निरूपण चुकवलं नव्हतं. उभी राहिली, गायली, आणि घरी येऊन मग रडली. ‘मी देवाजवळ काही मागत नाही,’ ती म्हणायची, ‘फक्त आवाज दे, आणि शब्द स्वच्छ दे.’ देवाने दोन्ही दिलं होतं. दात तेवढे परत मागून घेतले, एकेक करून, सावकाश, सावकारासारखे नाही, शेजाऱ्यासारखे. शेवटी तोंडाचं पार बोळकं झालं.

एका दवाखान्यात कवळी करून घेतली होती. वरची छान बसली. खालची पहिल्या दिवसापासून पाहुण्यासारखी वागायची, आता उठते की मग उठते. पण आत्याने ओढून नेलं, आणि त्याचं जे व्हायचं ते भर सभेत झालं.

त्यानंतर ती सभाघराकडे फिरकली नाही. घरात बोलताना तोंडावर हात धरायची. सुनेने मऊ भात पुढे ठेवला तर पाठ फिरवून जेवायची. सभाघराचे व्यवस्थापक एकदा येऊन गेले, अवघडून बसले, पाण्याचा पेला रिकामा केला आणि म्हणाले, “आत्या, घाई नाही. पण लोक विचारतात. तुमचं जमत नसेल तर... पलीकडच्या वस्तीत एक जण आहेत. बरं गातात.”

“बघा,” आत्या हातामागून म्हणाली. एवढंच.

ते गेले आणि सून कमरेवर हात ठेवून उभी राहिली. ही सून तोंडाने फटकळ. पण सासूचं निरूपण म्हटलं की घरातलं काम टाकून पहिल्या बाकावर हजर असायची.

“आई, ‘बघा’ म्हणजे काय? दुकानातली भाजी आहे का ती?”

“देवाने नोटीस दिली गं. गप्प बस म्हणाला.”

“देवाने?”

“भर सभेत दिली. पेटी वाजवून दिली.”

“देवाला तुम्हाला गप्प बसवायचं असतं तर त्याने घसा घेतला असता. दात घेतले. आणि दातांचं काम माणसांनी शिकून ठेवलंय.” सुनेने भिंतीवरची पिशवी काढली. “चला. नुसते गेलेले दात परत बसवायचं शिकलेले एक डॉक्टर आहेत म्हणे. दुसरं काही करतच नाहीत. आणि यायचं नसेल तर तसं सांगा, मी रोज तुमच्यासमोर बेसूर गाईन.”

ही धमकी पोकळ नव्हती. आत्या उठली.

*

डॉक्टर उंच होते आणि खुर्चीतल्या माणसाच्या तोंडात वाकून वाकून पाठीला बाक आलेले. आवाज हळू. खिडकीखालच्या फळीवर पांढऱ्या प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले, प्रत्येकाखाली पेन्सिलीने काहीतरी लिहिलेलं. आत्याला ते पाहून सभाघरातल्या बाकांवरची माणसं आठवली.

“आजी, तोंड उघडा.”

“आत्या,” सुनेने सुधारलं.

“आत्या, तोंड उघडा.” डॉक्टरांनी खालच्या हिरडीवरून बोट फिरवलं, हळू, आंधळ्या माणसाने ओळखीचा चेहरा चाचपावा तसं. मग सरळ झाले. “कवळी बसते ती हिरडीच्या बांधावर. घराला जोतं असतं ना, तसं. तुमचं जोतं झिजून जमिनीला टेकलंय. वरच्या कवळीचं ठीक असतं, तिला टाळूचं छप्पर मिळतं, ती चिकटून राहते. खालचीला छप्पर नाही, जोतं नाही, आणि वर दिवसभर जिभेशी संसार करायचा.”

“म्हणजे सासू-सुनेसारखं,” आत्या म्हणाली.

“मग नाही टिकायची,” सून म्हणाली.

डॉक्टर हसले. हाडात स्क्रू बसवून त्यावर दात उभे करता येतात, पण आत्याचं हाड पातळ झालंय आणि हाडांसाठी ती जे औषध घेते त्यात तसली छेडछाड नको, हे त्यांनी नीट समजावून सांगितलं. मग विचारलं, “तुम्हाला दात कशासाठी हवेत? खायला? दिसायला?”

आतापर्यंत कुणी हे विचारलंच नव्हतं. आत्याने तोंडावरचा हात खाली घेतला.

“जेवण माझं बोळक्यावर चालतं, डॉक्टर. आणि या वयात दिसायचं कुणाला? मला ‘देवा’ म्हणायचंय. टिपेला. आणि ते म्हणताना तोंडातलं काही बाहेर पडायला नको, त्या हाकेशिवाय.”

डॉक्टरांनी हातमोजे काढले. मग त्यांनी एक स्टूल ओढलं आणि आत्याच्या समोर बसले.

“दात गेले, आत्या, पण शेजारी अजून तिथेच आहेत. आतून जीभ ढकलते, बाहेरून गाल आणि ओठ ढकलतात. तुम्ही बोलता, गिळता, हसता, हे सारखं चाललेलं असतं. आणि या दोन रेट्यांच्या मध्ये एक चिंचोळी पट्टी अशी असते जिथे दोघांचा जोर सारखा होतो. तिथे शांतता असते. लहानपणी तुमचे दात वर आले ते सरकत सरकत याच पट्टीत येऊन उभे राहिले. आता ते नाहीत. पण ती जागा आहे. कवळी त्या जागेत बसवली तर तिला धरून ठेवायला जोतं लागत नाही. जीभ आणि गालच तिला धरतात.”

“जागा अजून आहे?” आत्याने विचारलं.

“आहे.”

“रिकामी?”

“रिकामी. दुसऱ्या कशानेही ती भरत नाही.”

बरोबर आलेल्या, दाराशी बसलेल्या भावाने बहिणीकडे पाहिलं. आत्या आपल्या हाताकडे पाहत होती. त्या हातावर काटा आला होता. जी ओळ तिने आयुष्यभर खुर्चीबद्दल गायली, ती तिच्या स्वतःच्या तोंडात, जिभेच्या आणि गालाच्या मध्ये, इतकी वर्षं खरी होऊन बसली होती, आणि तिला पत्ताच नव्हता. आपल्याच घरातली एक खोली आपण कधी उघडली नव्हती असं तिला वाटलं.

“देवाची करणी आणि नारळात पाणी,” भाऊ पुटपुटला.

“पण ती जागा सापडायची कशी?” सुनेने विचारलं. “मोजपट्टी लावून?”

“मोजपट्टी चालत नाही तिथे. आत्याच दाखवतील.”

*

दाखवायची रीत अशी होती. खालच्या जबड्यावर बसेल अशी एक पातळ पट्टी डॉक्टरांनी तयार केली आणि तिच्यावर मऊ लगद्याची वळकटी ठेवली. हा लगदा हळूहळू घट्ट होणारा. तो तोंडात असताना माणसाने पाणी प्यायचं, गिळायचं, बोलायचं; जीभ आणि गाल दोन्हीकडून त्याला दाबत जातात, आणि तो घट्ट होतो तेव्हा त्या रिकाम्या जागेचा आकार घेऊनच घट्ट होतो.

पहिल्या दिवशी आत्या मागे कललेल्या खुर्चीत टेकून बसली, डोक्यावर दिवा, गळ्याशी कागदी रुमाल. डॉक्टरांनी सांगितलं तसं पाणी प्याली, आकडे म्हटले, वार म्हटले, आणि ‘आता तुमचं गाणं म्हणा’ म्हटल्यावर ओळही म्हटली, डॉक्टरांच्या दिव्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. लगदा घट्ट झाला, डॉक्टरांनी काढून नेला. पुढच्या खेपेला त्याच आकारात मेणावर दात लावून आणले. मेणाचीच कवळी, पण दात खरे वाटावेत असे.

आत्याने ती घालून बोलायला सुरुवात केली आणि सून उभीच राहिली.

“आई! ‘सगळं’ म्हणा पुन्हा.”

“सगळं, सरळ, सुरळीत.”

“हलली नाही! डॉक्टर, हलली नाही!”

भावाने टाळी वाजवली. बोलताना खालची ओळ जागच्या जागी. पाणी प्यायली तरी जागच्या जागी. आत्याच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांनी रंग आला. मग डॉक्टर म्हणाले, “आता ती हाक. सभाघरात मारता तशी.”

आत्याने श्वास घेतला, मान उचलली, आणि ‘दे’वरून ‘वा’वर जाता जाता मेणाची कवळी जिभेवर आडवी झाली. तिने ती हातात घेतली आणि कागदी रुमालावर ठेवली. रंग गेला.

डॉक्टर मेणाचा तो तुकडा उलटसुलट करून बघत राहिले. त्यांना चूक सापडत नव्हती. जागा बरोबर होती, दात बरोबर होते.

“माझंच चुकलं असेल,” आत्या म्हणाली, पुन्हा हातामागून. “राहू दे, डॉक्टर. तुम्ही खूप खटपट केलीत माझ्यासाठी. पुष्कळ झालं.”

“आत्या, त्या दिवशी लगदा तोंडात होता तेव्हा तुम्ही हीच ओळ गायलात ना?”

“म्हटली.”

“म्हटली की गायली?”

आत्या जराशी ओशाळली. “म्हटली. तुम्ही एकटे होतात. दिवा होता. ही होती, ती माझं रोजच ऐकते. समोर ऐकणारी माणसं नसली की ते निरूपण नसतं हो. ओळी असतात नुसत्या. हाक वर जाते ती मी नेते म्हणून नाही जात. झेलायला खाली माणसं असतात म्हणून जाते.”

डॉक्टरांनी तो मेणाचा तुकडा खाली ठेवला. “मी बोलणाऱ्या बाईचं माप घेतलं,” ते स्वतःशीच म्हणाले. “गाणाऱ्या बाईचं घेतलंच नाही.” मग ते उठले, आणि त्यांनी जे केलं ते त्या दवाखान्यात यापूर्वी कधी झालं नव्हतं. बाहेरच्या प्रतीक्षा-खोलीचं दार सताड उघडलं आणि दाराखाली पाचर सारली.

*

बाहेर नेहमीची मंडळी होती. एक टॅक्सीवाला, गाल फुगलेला, डोक्यावरून हनुवटीखाली मफलर बांधलेला. एक निवृत्त मास्तर, पुढचे दोन दात नसलेले, मासिक डोळ्यांशी धरून बसलेले. दोन बहिणी, कोण कुणाला घेऊन आली आहे ते कळू नये अशा. नोंदणीच्या टेबलावरची मुलगी. आणि भिंतीशी एक खुर्ची रिकामी.

“एक विनंती आहे,” डॉक्टर म्हणाले. त्यांना अशा गोष्टींची सवय नव्हती, कान लाल झाले होते. “आत्या गाणार आहेत. तुम्हाला मागून एक ओळ म्हणायची आहे. उपचाराचा भाग आहे.”

“कुणाच्या उपचाराचा?” मास्तरांनी मासिकावरून विचारलं.

“त्यांच्या. पण तुम्हालाही चालेल.”

टॅक्सीवाल्याने हात वर केला. “डॉक्टर, मला भूल दिलीय. अध्धं तोंड गेलंय.”

“उरलेल्या अर्ध्याने म्हणा,” आत्या आतून म्हणाली. तिच्या तोंडात आता नवा लगदा होता, शब्द जाडसर येत होते. पण त्या वाक्याला बहिणी हसल्या, मास्तर हसले, आणि आत्याने ते हसू ऐकलं. प्रेमाचं हसू. तिने खुर्चीच्या पायरीवरून पाय खाली घेतले.

“आत्या, बसूनच...” डॉक्टर म्हणाले.

“बसून कुणी निरूपण केलंय का?” आणि ती गळ्यातल्या कागदी रुमालासकट चालत दारात येऊन उभी राहिली.

पेटी नव्हती. भावाने नोंदणीच्या टेबलावरून स्टीलचा रिकामा ट्रे घेतला, मांडीवर पालथा घातला आणि बोटांनी ठेका धरला. मुलगी म्हणाली, “अहो, तो निर्जंतुक केलेला आहे!” भाऊ म्हणाला, “मग गाणंही स्वच्छ होईल.”

आत्याने गोष्ट सुरू केली. पहिले काही शब्द लगद्यात अडकले. ‘खुर्ची’ नीट म्हणता येईना. मग तिने भिंतीशी असलेल्या त्या रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवलं आणि सगळ्यांनी मान वळवून तिकडे पाहिलं. आता खुर्ची सांगायची गरजच उरली नाही. त्या बाईच्या घरात कोण कोण येऊन कसे टोमणे मारून जातं ते ती करून दाखवायला लागली, जाडी शेजारीण, खोकणारा घरमालक, सगळं जाणणारा मेहुणा. मास्तरांचं मासिक मांडीवर आलं, आणि मग जमिनीवर. आत्या चालत होती, वळत होती, हसत होती, गाल हलत होते, जीभ लगद्याला आतून थापत होती, आणि तिला यातलं काहीच आठवत नव्हतं. डॉक्टर दाराच्या चौकटीला टेकून घड्याळाकडे बघत होते, मग तेही बघेनात.

“काय गं, आला का तुझा पाहुणा?” आत्याने टॅक्सीवाल्यालाच विचारलं.

“नाय आला!” टॅक्सीवाला अर्ध्या तोंडाने म्हणाला.

आणि आत्या गायली. पहिल्यांदा खाली, स्वतःशी. दुसऱ्यांदा मान वर उचलली, पट्टी, लगदा, कवळी, वय, त्या संध्याकाळचं हसू सगळं विसरून हाक वर नेली. वर. जिथे ती नेहमी न्यायची तिथे. आणि तिथे धरून ठेवली.

क्षणभर कुणी काही केलं नाही. अनोळखी माणसं होती ती, कुणी आजारी, कुणी घाबरलेली, एकमेकांच्या रांगेतला नंबर चोरून बघणारी. मग मफलरखालून एक वाकडातिकडा आवाज निघाला, ‘तुझ्याशाठी’, त्यात मास्तरांचा बिनदाताचा मिसळला, बहिणींचा, नोंदणीवाल्या मुलीचा, सुनेचा बेसूर आणि सर्वांत मोठा, आणि त्या फाटक्या, गळक्या, सुजलेल्या आवाजांनी हाकेला खालून झेललं.

आत्याचे डोळे मिटले होते. लगदा घट्ट होत होता.

*

डॉक्टरांनी तो बाहेर काढला, धुतला, खिडकीपाशी नेला. मग तिथेच उभे राहिले. सुनेला वाटलं, पुन्हा बिघडलं.

“डॉक्टर?”

त्यांनी तळहात पुढे केला. त्यावर त्या वळकटीचं जे झालं होतं ते होतं. आतली बाजू जिभेने घासून घासून खोलगट केलेली, पाण्याने दगड करावा तशी गुळगुळीत. बाहेरची बाजू गालांनी आत रेटलेली, ओठांच्या कोपऱ्यांशी एकदम बारीक झालेली, कमरेसारखी. समोर खालचा ओठ ताणला जातो तिथे एक हलकी उतरती लाट. कुठेही बोटाची खूण नाही, हत्याराचा ओरखडा नाही. आणि मागच्या खेपेच्या आकाराशेजारी ठेवल्यावर दिसलं, की ही जागा त्याहून आत, त्याहून अरुंद, एका वळणावर वेगळीच होती. बोलणारी बाई आणि गाणारी बाई शेजारी शेजारी ठेवल्या होत्या.

“हे कुणी केलं?” आत्याने विचारलं.

“तुम्ही.”

“मी नाही केलं. मला कळलंसुद्धा नाही.”

डॉक्टरांनी मान हलवली. “मी इतकी वर्षं हे करतोय, आत्या. प्रत्येक वेळी इथे माझा हात थांबतो. मला एवढा आकार कोरायला सांगितला तर मी आठवडाभर बसेन आणि चुकेन.”

त्यांनी त्याच्या दोन्ही बाजूंनी प्लास्टरच्या भिंती उभ्या केल्या, एक आत, एक बाहेर. प्लास्टर घट्ट झाल्यावर मधला लगदा काढून टाकला. मग आत्याला बोलावून दाखवलं. दोन पांढऱ्या भिंती, आणि त्यांच्यामध्ये वळत गेलेली एक अरुंद गल्ली. मोकळी. तिच्या हाकेने केलेली. याच गल्लीत आता एकेक दात उभा राहायचा होता.

आत्याने वाकून पाहिलं. काय करावं ते न सुचून तिने हात जोडले. सुनेने काही टोमणा मारायला तोंड उघडलं, आणि मग तिनेही जोडले.

*

नवी कवळी घालून आत्या निरूपणाला आली तेव्हा व्यवस्थापकांनी पलीकडच्या वस्तीतल्या गाणाऱ्यालाही बोलावून ठेवलं होतं. “असू देत हो, बाजूला बसतील,” ते आत्याला म्हणाले, नजर चुकवत. “न जाणो.” तो माणूस भला होता, कोपऱ्यात आपली वही मिटून बसला.

सभाघर गच्च. शेवटच्या बाकावर टॅक्सीवाला, आता सूज उतरलेला, त्यामुळे कुणालाच ओळखू न आलेला. मास्तर आले होते, नव्या दातांनी उगाचच सगळ्यांकडे बघून हसत. आणि खांबाला टेकून डॉक्टर, पहिल्यांदाच तिथे आलेले, कुठे बसावं ते न कळून उभे राहिलेले. ते आत्याच्या चेहऱ्याकडे बघत नव्हते. तिच्या हनुवटीकडे बघत होते.

भावाने पेटी उघडली आणि खिशातून हातरुमाल काढून तो पट्ट्यांच्या वरच्या अंगाला हळूच पसरून ठेवला. आत्याने ते पाहिलं.

“हे काय?”

“घाम येतो, ताई.”

“पेटीला?”

भावाने भात्यावर हात ठेवला. आत्याने त्याच्याकडे एकदा रोखून पाहिलं, आणि लोकांकडे वळली.

गोष्ट चालली. शेजारीण आली, घरमालक आला, मेहुणा आला. शब्द स्वच्छ होते, पावसानंतरच्या काचेसारखे. लोक हसायच्या जागी हसले, पण कुठेतरी सावधही होते. सगळ्यांनाच ठाऊक होतं, ती जागा येणार आहे. पुढच्या बाकावरच्या त्या चिमुरडीने आईचा हात घट्ट धरला. आत्याने खालची ओळ म्हटली. सभाघर इतकं गप्प झालं, की भात्याचा श्वास ऐकू आला.

आत्याला भीती वाटली. अगदी तोंडाशी आलेली हाक मागे घ्यावी, खालच्याच सुरात पुरी करावी, कुणाला काय कळणार आहे, असं वाटलं. मग शेवटच्या बाकावरून एक ओळखीचा आवाज आला. आता भूल नव्हती तरी थोडा वाकडाच.

“आला का गं तुझा पाहुणा?”

आत्या हसली. तोंड उघडून, हात न धरता, सगळे दात दाखवून हसली. आणि त्याच हसण्यावरून हाक उचलली गेली.

देवा.

ती वर गेली आणि राहिली. जिभेने आतून धरलं, गालांनी बाहेरून, आणि मध्ये जे उभं होतं ते तिथेच उभं राहिलं, जणू तिथेच उगवलं होतं. आत्याला ते जाणवलंही नाही. तिला एवढंच जाणवलं, की खालून आवाज येतो आहे, खूप मोठा, कोपऱ्यातल्या त्या पाहुण्या गाणाऱ्याचाही त्यात मिसळलेला, आणि आपली हाक त्यात सुखरूप उतरते आहे. तिने डोळे उघडले तेव्हा खांबापाशी डॉक्टर दिसले. त्यांची नजर आता तिच्या हनुवटीवर नव्हती. कशावरच नव्हती. ते छपराकडे बघत, बाकीच्यांसारखेच, ‘ठेविली’ म्हणत होते.

भावाने पुढची ओळ धरण्याआधी एका हाताने तो हातरुमाल उचलला, घडी घातली, आणि खिशात टाकला.